सोलगोलच्या वर्गाचे समाधान रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
प्रौढ शिक्षण विभाग,
हेसान तालुका कार्यालय,
हेसान.

विषय : सोलगोल गावच्या अक्षरवर्गाने नोंदवलेले शंभर टक्के समाधान रद्द समजून वर्ग गावातच चालू ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) वर्गांच्या एकत्रीकरणाविषयी आपल्या विभागाचे पत्र.
२) महाविद्यालयीन विद्यार्थिनी तक से-इन यांचा दुसरा अहवाल, जो आपण न स्वीकारता परत पाठवला.

महोदय,

मी खाली सही करणार प्यो मालसुन, वय एक्याऐंशी, राहणार सोलगोल, गावच्या हॉलमध्ये भरणाऱ्या अक्षरवर्गाची विद्यार्थिनी. वर्गातल्या सगळ्याजणींच्या वतीने हा अर्ज करते. वाक्ये माझी आहेत. शुद्धलेखन आमच्या शिक्षिका गु बाईंनी तपासले आहे.

१. मागणी आधी लिहिते, म्हणजे आपला वेळ जाणार नाही. येत्या एक डिसेंबरपासून आमचा वर्ग बंद करून आम्हांला हेसानच्या नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, नव्या लेखनमेजांशी बसून शिकायला पाठवण्याचा निर्णय झाला आहे. तो मागे घ्यावा. वर्ग सोलगोलच्या हॉलमध्ये, मंगळवारी सकाळी, कुमारी तक से-इन यांनी आखून दिला आहे तसा चालू राहू द्यावा. आपला निर्णय आमच्याच समाधानावर उभा आहे. ते समाधान खरे नव्हते, म्हणून ते रद्द करावे. पुढे वाचायला सवड नसेल तर इथे थांबले तरी चालेल, पण मग निर्णयाच्या पत्रात 'अर्जदाराची बाजू विचारात घेतली' असे लिहू नये.

२. सवड आहे असे धरून पुढे लिहिते. माझे माहेर कुर्येकडचे. आमच्या घरी वही फक्त एकाची असे, माझ्या थोरल्या भावाची. भरलेली वही चुलीशी यायची, आणि चूल माझ्याकडे होती. एकेक पान फाडून मी काटक्यांखाली सरकवत असे. पानाची कड आधी तांबूस व्हायची, मग अक्षरे क्षणभर कागदाहून काळी होऊन उठून दिसायची, आणि जायची. वाचणे म्हणजे हेच असावे, असे मला त्या वयात वाटत होते. माझ्या हातून जेवढी अक्षरे गेली तेवढी माझ्या भावानेसुद्धा वाचली नसतील.

लग्न होऊन सोलगोलला आले. आमच्याकडे बाईला नावाने कुणी हाक मारत नाही, माहेरच्या गावावरून मारतात. त्यामुळे मी साठ वर्षे कुर्येवाली आहे. वर्गाच्या पहिल्या दिवशी गु बाईंनी हजेरीत 'प्यो मालसुन' म्हटले, तेव्हा ही कोण नवीन आली म्हणून मीही मागे वळून पाहिले. पुढे ज्या दोघींचा उल्लेख येईल त्यांनाही मी त्यांच्या माहेरानेच ओळखते. बॉलग्योवाली माझ्याहून लहान आणि जिभेने तिखट. जिंदोवाली गाणारी. दोघींची खरी नावे सह्यांच्या कागदावर आहेत, ती त्यांनी स्वतः लिहिलेली आहेत.

३. मार्चमध्ये क्वांगजूच्या एका महाविद्यालयातून आखणी शिकणारी एक मुलगी आमच्याकडे आली. तीच कुमारी तक से-इन. आमचा वर्ग सुधारावा म्हणून आपल्याच विभागाने तिला धाडले होते. तिच्या अभ्यासाचा विषय 'माणूस केंद्रस्थानी ठेवून आखणी' असा होता. गु बाईंनी आम्हांला त्याचा अर्थ समजावून दिला. वस्तू बनवणाऱ्याने आधी ती वापरणाऱ्याकडे नीट बघायचे, त्याला विचारायचे, थोडेसे बनवून त्याच्या हातात द्यायचे, आणि चुकले तर पुन्हा बनवायचे.

बॉलग्योवाली म्हणाली, "म्हणजे सुनेनं सासूला विचारून मीठ घालायचं, तसंच ना बाई?"

बाई म्हणाल्या, "साधारण तसंच."

"मग नाही जमायचं," बॉलग्योवाली म्हणाली.

पहिले काही मंगळवार से-इन भिंतीशी बसून आमच्याकडे नुसती बघत होती. आम्ही पेन्सिल कशी धरतो, पाय कुठे ठेवतो, कोण कधी उठते, सगळे टिपून घेई. जिंदोवालीला ते काही सोसवेना. "अगं, आपण काय कोंबड्या आहोत? अंडं कधी घालतोय याची वाट बघत बसलीय ही." मग से-इनने एकेकीला, आधी मला, विचारायला सुरुवात केली.

"आजी, वर्गात तुम्हांला काय अडचण येते?"

"काही नाही गं. सगळं छान आहे. तू जेवलीस का?"

"फळ्यावरची अक्षरं नीट दिसतात का?"

"दिसतात की. हे रताळं घे."

"आजी, मागच्या मंगळवारी पण तुम्ही रताळंच दिलंत आणि विषय बदललात."

"मग आज दोन घे."

४. आमच्याकडची रीत इथे मांडली पाहिजे, कारण आपण शहरात वाढला असाल. लांबून, दोन बस बदलून, पाठीवर ओझे घेऊन कुणाची तरी लेक आपल्यासाठी काही करायला येते. तिच्या तोंडावर 'हे बरे नाही' म्हणणे म्हणजे तिच्या ताटातला घास काढून घेणे. आम्ही कुणालाच तसे म्हणत नाही. गावच्या डॉक्टरलाही आम्ही 'बरं वाटतंय' सांगतो आणि घरी येऊन दुखऱ्या जागी औषधाची पट्टी लावतो. यात खोटेपणा नाही, माणुसकी आहे. मात्र त्यावर कुणी सरकारी निर्णय उभारील हे आमच्या ध्यानात आले नाही.

मे महिन्यात से-इनने मेज करून आणले. बैठे, पांढरे, उतरत्या फळीचे, वर वाकणारा दिवा, पेन्सिलीला खाच, कडेला भिंग. खाली बसून लिहिताना आमच्या पाठी वाकतात हे तिने बघितले होते आणि त्यावर डोके चालवले होते. आम्ही हात फिरवून पाहिला. काम अगदी सफाईदार होते. प्रत्येकीला एकेक मिळाले.

खोट अशी होती, की मेजाला दोन्ही बाजूंनी फळ्या होत्या. ज्यांचे आयुष्य भाताच्या चिखलात उभे राहण्यात गेले त्यांचा एक तरी गुडघा वाकत नाही. तो पाय लांब करून बसावा लागतो, आणि तो तर फळीत अडकायचा. पण ही लहान खोट झाली. मोठी खोट दिव्याची. दिवा लावला की प्रत्येकीची वही उजळून निघायची, आणि कोण कुठल्या अक्षरापाशी अडली आहे हे सगळ्या खोलीला दिसायचे. जमिनीवर दाटीने बसलेलो असताना अडले तर शेजारणीला कोपराने ढोसून विचारता यायचे. मेजाशी जी ती एकटी पडली. सगळ्याजणींची तोंडे पुढे, जणू कुणी नाव पुकारणार आहे.

यातले आम्ही काही बोललो नाही. से-इनने एक कागद पुढे केला. त्यावर पाच चेहरे काढलेले होते, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि मेज कसे वाटले त्या चेहऱ्याखाली टिकली चिकटवायची होती. आम्ही सगळ्यांनी हसऱ्याखाली चिकटवली. जिंदोवालीने उत्साहाने दोन चिकटवल्या, त्यातली एक काढून घ्यावी लागली. तोच कागद से-इनच्या पहिल्या अहवालात शंभर टक्के समाधान म्हणून आपल्याकडे आला.

५. जूनमध्ये आपण स्वतः पाहणीला आला होतात. आपण छोटे भाषण केले आणि मेजांचा फोटो काढायला लावला. नंतर आपणही एका मेजाशी बसून पाहिलेत, आणि उठताना गु बाईंचा हात धरलात. आम्ही ते पाहिले, पण बोललो नाही. 'कसं वाटतंय?' असे आपण विचारलेत, आणि आम्ही एका सुरात 'छान' म्हणालो. तेही कृपया रद्द समजावे. आपल्या भाषणाला वाजवलेल्या टाळ्या मात्र राहू द्याव्यात, त्या लवकर संपवल्याबद्दल होत्या.

६. आता ऑगस्टमधली गोष्ट. त्या आठवड्यात पाऊस खळत नव्हता आणि तोडून आणलेल्या लाल मिरच्यांना बुरशी धरायची भीती होती. आमच्याकडे घरांच्या जमिनी खालून गरम करता येतात, म्हणून अशा वेळी गावच्या हॉलची जमीन तापवून सगळ्यांच्या मिरच्या तिथे पसरतात. जमीन भरली, तेव्हा उरलेल्या आम्ही मेजांवर पसरल्या. फळी उतरती असल्यामुळे वारा खालून खेळतो आणि मिरची एकसारखी वाळते. मिरचीसाठी ते मेज फार चांगले आहे, हे मी मनापासून सांगते.

मेजांचा असा वापर खरे तर आधीपासूनच चालू होता. एकावर फुलांच्या चित्रांच्या पत्त्यांचा डाव मांडला जायचा, एकावर लसूण निथळायचा. से-इनची बस वळणावर दिसली की खिडकीशी बसलेली आमच्यातली एक हाक द्यायची, आणि बस थांब्यावर येईपर्यंत आम्ही सगळे उचलून, फडके मारून, पाठी ताठ करून मेजांशी बसलेल्या असू. पाहुण्याच्या मनासाठी एवढे कुणीही करते. पण त्या दिवशी मंगळवार नव्हता, आणि से-इन बसने आली नाही. पावसात तिला मासेवाल्याने टेम्पोत घेतले होते. दार सरकले, आणि ती छत्री मिटत उंबऱ्यात उभी.

तिने मिरच्या बघितल्या, मेजे बघितली, मग आमच्याकडे बघितले. तिचे कान लाल झाले. मला वाटले, आता ही रडणार. जिंदोवाली घाईघाईने म्हणाली, "आजच फक्त हं. रोज लिहितोच की आम्ही यावर."

से-इनने पाठीवरची पिशवी उतरवली, मोजे ओले होते ते काढले, आणि आमच्यामध्ये येऊन बसली. "देठं काढायची का?" एवढेच विचारले. आम्ही तिच्यापुढे एक परात सरकवली. ती देठे काढू लागली. फार वाईट काढत होती, अर्धी मिरचीच तुटायची.

परात अर्धी झाली. मग बॉलग्योवाली हातातल्या मिरचीकडे बघत म्हणाली, "त्या दिव्याची मला लाज वाटते."

से-इनने मान वर केली नाही. ती हुशार आहे. तिने पुढची मिरची घेतली आणि विचारले, "का?"

आणि महोदय, मग सगळे बाहेर पडले. आमच्याकडे माणूस मनातले बोलतो ते हात गुंतलेले असताना. चार जणींचे हात एका परातीत असले की कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी माझा नवरा गेला, तेव्हा मी पंधरा दिवस कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. जे बोलले ते लोणच्याच्या कोबीला मसाला भरताना, शेजारणीच्या अंगणात, तिच्याकडे न बघता. कागदावरच्या चेहऱ्यांना हे कसे कळणार?

७. तरीही स्वतःची तक्रार सांगणे आम्हांला जड जात होते. त्यावर से-इनने जो उपाय काढला तो आपण नोंदवून घ्यावा, कारण तो आपल्या कार्यालयालाही उपयोगी पडेल. तिने 'तुम्हांला काय आवडलं नाही' हे विचारणेच सोडून दिले. ती म्हणे, "जिंदोवाल्या आजी, बॉलग्योवाल्या आजींना काय आवडलं नसेल हो?"

"तिला? तिला काय आवडतं ते विचार. पाय लांब करता येत नाही म्हणून घरी जाऊन शिव्या घालते. शिवाय बाई भराभर पुसतात फळा. हिचं अजून पहिलं अक्षर व्हायचं असतं."

"मी कधी म्हटलं गं असं?"

"काल. माझ्या परसात."

"मग तुझं पण सांगते. ही बाई धड्यातलं एक अक्षर वाचत नाही. पुढची वाचते ते ऐकून पाठ करते आणि तेच म्हणते. कान आहेत म्हणून चाललंय."

"आणि कुर्येवाल्या आजींचं?" से-इनने विचारले. माझ्याविषयी दोघी एकाच वेळी बोलू लागल्या. ते इथे लिहिण्याची गरज वाटत नाही.

अशा रीतीने तिला एका सकाळी जे कळले ते पाच महिन्यांत कळले नव्हते. धड्यांविषयीही कळले. आमच्या पुस्तकात पहिलाच धडा 'प्राणिसंग्रहालय' हा आहे. जिराफ हा शब्द आमच्यापैकी प्रत्येकीला लिहिता येतो. सोलगोलमध्ये तो अजून कुणाच्या कामी आलेला नाही.

८. सप्टेंबरपासून तिने आखलेला नवा वर्ग सुरू झाला. त्यात मेज नाही. मधे परात, भोवती आम्ही. कामाला जे असेल ते, लसूण, सोयाबीनच्या शेंगा, वाळलेले छोटे मासे. समोरच्या भिंतीवर हाताएवढ्या अक्षरांत शब्द टांगलेले. जिची पाळी तिने हात पुसायचे, उठायचे, आणि भिंतीवरचे वाचायचे. बाकीच्यांनी हातातल्या कामाकडे बघत ऐकायचे. अडली तर कामाकडे बघतच सांगायचे. लिहायचे असेल तेव्हा परातीत तांदळाचे पीठ पसरायचे आणि बोटाने लिहायचे. चुकले तर हात फिरवला की गेले, वहीत राहत नाही.

शब्दही आम्ही मागितलेले. कुणी औषधाच्या पुडीवरचे मागितले, कुणी बसच्या पाटीवरचे. जिंदोवालीने गाणी मागितली. हॉलमध्ये गाण्यांचे यंत्र आहे, पडद्यावर शब्द पळतात, पण ते तिला धरता येत नव्हते. से-इनने यंत्राची कळ फिरवून गाणे निम्म्या वेगावर आणले. अशी कळ त्याला आहे हे आजवर आम्हांला माहीत नव्हते, कारण तिच्याखाली काय लिहिले आहे ते कुणी वाचलेच नव्हते. आता आमच्याकडे लग्नातले गाणे मयताला निघाल्यासारखे चालते, पण जिंदोवाली प्रत्येक शब्दावर बोट ठेवून गाते. त्यातून असे उघड झाले, की तिच्या आवडत्या गाण्याचे दुसरे कडवे ती इतकी वर्षे स्वतःच रचून म्हणत होती. आम्ही दोन्ही ऐकली. तिचेच बरे आहे.

बॉलग्योवालीने मागितले ते मी तिच्या परवानगीने लिहिते. तिचा मुलगा हेसानच्या बाजारात चष्म्यांचे दुकान चालवतो. आपल्या आईला वाचता येत नाही हे त्याला माहीत नाही. तो लहान असताना शाळेचा कागद आणून पुढे धरायचा, आणि ती म्हणायची, "चष्मा सापडत नाही रे, तूच वाच." हेच ती आयुष्यभर म्हणत आली. पोराच्या मनावर ते इतके बसले की मोठेपणी त्याने तोच धंदा धरला. दर सणाला आईला नवा चष्मा येतो. तिच्याकडे आता एक खण भरून चष्मे आहेत आणि नजर अजूनही चांगली आहे. तिला त्याच्या दुकानात जाऊन भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचून दाखवायचा आहे, आणि त्यानंतर काय ते सांगायचे आहे. से-इनने तसा तक्ता आमच्या भिंतीवर टांगला. ती आता चौथ्या ओळीवर आहे. खालची अक्षरे बारीक आहेत म्हणून नव्हे, ती अजून शिकून झालेली नाहीत म्हणून.

आपली नवी इमारत त्या दुकानाच्या समोरच आहे, आणि तिसरा मजला काचेचा आहे. एक डिसेंबरपासून बॉलग्योवाली तिथे दिव्याखाली बसेल असे आपल्याला वाटत असेल, तर ती बसणार नाही. ती घरी बसेल, आणि चौथ्या ओळीवरच राहील. बाकीच्यांपैकीही किती जणी तिथवर जातील ते मी सांगू शकत नाही. गुडघे आहेत, बसच्या वेळा आहेत, आणि बाजारात ओळखीची माणसे आहेत.

९. से-इनने हे सगळे दुसऱ्या अहवालात लिहून आपल्याकडे पाठवले. पहिल्या मेजांसाठी तिला महाविद्यालयात बक्षीस मिळाले होते, तरी ते मेज चुकले असे तिने स्वतः लिहिले. आपण अहवाल परत पाठवताना कारण दिलेत, की तो पहिल्या अहवालाशी विसंगत आहे, आणि सदर वर्गाचे समाधान शंभर टक्के असल्याने बदलास वाव नाही. त्या शंभर टक्क्यांच्या बळावर आपण तशी मेजे सगळ्या तालुक्यासाठी करायला टाकली आहेत, आणि ती जमिनीला पक्की बसवणार आहात, असे समजले.

महोदय, म्हणजे आम्ही एका पोरीचे मन राखले आणि त्यापायी तालुक्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे गुडघे आता फळीत अडकणार. शेजारच्या गावच्या बायका आम्हांला बाजारात गाठतील तेव्हा आम्ही काय सांगावे? पक्क्या बसवलेल्या मेजांवर मिरच्याही वाळवता येणार नाहीत, कारण ती खिडकीकडे ओढता येत नाहीत.

आमचे समाधान जर एवढे वजनदार असेल, तर आमचे असमाधानही त्याच तराजूत घालावे. आजवर आपल्या विभागाला आम्ही ज्या ज्या गोष्टींबद्दल 'छान' म्हटले त्यांची पाहणी करून मी पुढीलप्रमाणे दुरुस्ती देते. गेल्या वर्षी वाटलेले टॉवेल, पाणी शोषत नाहीत. 'आनंदी वार्धक्य' हे व्याख्यान, वक्ता तरुण होता. हॉलमधले नवे शौचालय, खरोखर छान आहे, ते तसेच ठेवावे. गु बाई, छान, आणि हे आम्ही त्यांच्या पाठीमागेही म्हणतो.

१०. गेल्या आठवड्यात आपल्या कार्यालयातले एक कारकून एकत्रीकरणाला संमती घ्यायला आले होते. सभ्य माणूस. त्यांनी विचारले, "आज्यांनो, कुणाची हरकत नाही ना?" आम्ही नेहमीप्रमाणे गप्प. ते कागदावर काही लिहू लागले. तेवढ्यात बॉलग्योवाली म्हणाली, "माझी आहे."

कारकून म्हणाले, "आजी, तिथं गरम हवेचं यंत्र आहे, लिफ्ट आहे, चहा मिळतो."

"असेल. माझी हरकत आहे."

मग जिंदोवाली म्हणाली, "माझी पण." मग एकेक करत सगळ्या. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही एखाद्याच्या तोंडावर नाही म्हणालो, तेही रिकाम्या हातांनी. कारकुनांनी लिहिलेले खोडले आणि पेनाला टोपण लावले, तेव्हा मलाच त्यांची दया आली, आणि मी त्यांना जेवायला बसवले. त्यांनी दोनदा भात घेतला. त्याचा अर्थ त्यांनी आपल्याला संमती असा सांगितला असेल, तर तो चुकीचा आहे. भात वेगळा आणि हरकत वेगळी.

११. सबब विनंती, की आमचे जुने समाधान रद्द करावे, से-इनचा दुसरा अहवाल स्वीकारावा, आणि वर्ग सोलगोलमध्येच राहू द्यावा. मेजे परत न्यावीत अशी आमची मागणी नाही.

उत्तराबाबत एक सूचना आहे. आजवर आपली पत्रे सरपंचांच्या नावाने येत, ते आम्हांला त्यांचा सारांश सांगत, आणि आम्ही 'बरं' म्हणत असू. या वेळचे पत्र कृपया वर्गाच्या नावाने पाठवावे. ते बॉलग्योवाली मोठ्याने वाचणार आहे, असे ठरले आहे. ती अजून सावकाश वाचते, तेव्हा वाक्ये लहान ठेवावीत आणि सुरुवातीला आमच्या प्रकृतीची चौकशी करू नये. 'वर्ग चालू राहील' हे तीन शब्द तिला वाचता येतात. 'वर्ग बंद' हे दोनही येतात. यांपैकी जे असेल तेवढेच लिहावे. आम्ही ऐकून घेऊ, आणि दुसरे आले तर त्याला छान म्हणणार नाही.

आपली नम्र, परंतु असमाधानी,

(सही)
प्यो मालसुन
सोलगोल, ता. हेसान
दिनांक : २० नोव्हेंबर

सोबत :
१) विद्यार्थिनी तक से-इन यांचा दुसरा अहवाल, पुन्हा एकदा.
२) वर्गातल्या सगळ्याजणींच्या सह्या. सहीऐवजी मारतात ते नावाचे शिक्के वापरलेले नाहीत. एक सही ओळीबाहेर गेली आहे, ती तशीच ग्राह्य धरावी.
३) वाळलेल्या मिरच्या पाठवायच्या होत्या, परंतु अधिकाऱ्यांना भेट देणे नियमात बसत नाही असे वर्गात वाचले, म्हणून पाठवलेल्या नाहीत.